सहा बाटल्या, एक नाक

...आणि वर मला म्हणते, "बाबा, आता श्वास घ्या!"

श्वास घ्या! अहो, त्र्याहत्तर वर्षं मी दुसरं काय करतोय? जन्मलो तेव्हा सुईणीने पाठीत धपाटा घातला, तेव्हापासून जो घ्यायला लागलो तो आजतागायत एक दिवस खाडा नाही, रविवारची सुट्टी नाही... आणि ही कालची पोर, म्हणजे माझी सून, मला श्वास शिकवते! समोर टेबलावर ते मशीन. नारळाएवढं. वर एक भोक, भोकातून धूर. धूर म्हणायचं नाही हं! "धूर नाही बाबा, वाफ आहे. पाण्यात तीन थेंब तेल टाकलंय. अरोमाथेरपी म्हणतात. वासाने मन शांत होतं." मी म्हटलं, तीन थेंबांनी? आणि चुकून चौथा पडला तर काय, माणूस संन्यास घेतो?

तर ती हसली नाही. आणि सून हसली नाही की समजायचं, काहीतरी शिजतंय. कारण तुम्हाला सांगतो, ही पोर माझ्या शिळ्यातल्या शिळ्या विनोदालासुद्धा पोट धरून हसते, फार लळा तिला माझा. पण त्या दिवशी हसायचं सोडून माझ्या तोंडाकडे टक लावून... "कसा वाटतोय वास?" एकदा विचारलं. "सांगा ना, कसा वाटतोय?" दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलगासुद्धा पेपर खाली करून बघायला लागला! आता मला सांगा, संशय येणार नाही तर काय येणार?

मी म्हटलं, "वा! छान! अगदी... भरपूर आहे!"

तुम्ही म्हणाल, एवढं बिचकायला काय झालं म्हाताऱ्याला? जरा जवळ या. मागच्यांनी पण या. कुठे बोलणार नाही ना? माझं नाक मेलंय.

दोन वर्षं झाली. ताप आला, आठ दिवस मुक्काम ठोकला, आणि जाताना वास घेऊन गेला. नाक आहे जागेवर, चष्मा टेकवायला उपयोगी पडतं, पण आतला माणूस दुकानाला कुलूप लावून पसार! बरं, मी कोण? मी पॉलिशवाला. चाळीस वर्षं लोकांच्या कपाटांना, खुर्च्यांना पॉलिश केलं, चपडा लाख, स्पिरिट, टर्पेंटाइन, अळशीचं तेल... जिन्यात उभा राहून सांगायचो, वरच्या कपाटाचा दुसरा हात अजून ओला आहे, बोट लावू नका. फळी नाकाला लावली की सांगायचो हा साग, हा देवदार, आणि हे साग म्हणून तुमच्या गळ्यात मारलेलं भलतंच काहीतरी. माझं नाव माझ्या सासऱ्यालासुद्धा आठवत नसे, सगळे म्हणायचे "नाकवाले". अजून म्हणतात! आता नाकवाल्याचं नाक गेलं हे सांगायचं कुणाला? आंधळ्याने चष्म्यांचं दुकान मांडावं तशी गत!

मग सोंग. दुसरं काय? समोरच्याच्या नाकपुड्या बघायच्या. फुगल्या की आपण "अहाहा", आक्रसल्या की आपण "शी शी". दोन वर्षं मी लोकांच्या नाकपुड्यांवर दिवस काढतोय, तुम्हाला सांगतो! फसलो एकदाच. आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतो, त्याला सगळे टपालच म्हणतात. तो जिन्यात नाकपुड्या फुगवून उभा होता. मी म्हटलं, "अहाहा, काय घमघमाट सुटलाय!" टपाल म्हणाला, "अरे गाढवा, मी शिंक अडवतोय! आणि जिन्याखाली उंदीर मेलाय!"

पण खरं दुखणं उंदराचं नाही. खरं दुखणं शेगडीचं.

रोज सकाळी साडेपाचला घर झोपलेलं असतं. मी उठतो, स्वयंपाकघरातला दिवा लावतो, पातेलं, पाणी, दोन चमचे साखर, चहाची पत्ती, आणि काडी ओढतो. एवढ्या घरात तेवढी वीस मिनिटं माझी. टीव्ही मुलाचा, खिडकी सुनेच्या कुंड्यांची, पलंग बायकोच्या पाठदुखीचा... शेगडी मात्र माझी! चव म्हणाल तर ती गेली नाकाच्या मागोमाग, गरम पाणी पितोय आणि नुसतं नाव चहा. पण उकळी फुटताना बघायची, दुधाची धार पडली की रंग कसा फिरतो ते बघायचं... पॉलिशवाल्याचा जीव रंगात, दुसरं काय!

आणि तिथेही ही येते. ही म्हणजे आमची बायको, एक्कावन्न वर्षांची सोबत आणि तेवढ्याच वर्षांची पाळत. दोन वर्षांपासून हिला बरोबर साडेपाचला तहान लागते. मी काडीपेटी उचलली की ही दारात. "पाणी प्यायला आले." अहो, उशाशी तांब्या भरलेला असतो! तरी इथे येणार, दारात उभी राहणार, पदर सावरत माझ्याकडे बघणार, दोन घोट पिणार, आणि मी काडी ओढली की जाणार. मी ओळखलं. साखर मोजायला येते! कारण डॉक्टर म्हणाला होता, काकांची साखर कमी करा. संशय येणार नाही तर काय येणार?

तर गेल्या महिन्यात ही दोन दिवस बहिणीकडे गेली. म्हटलं चला, पहारा उठला! चहा केला, वर चैन म्हणून दूध तापत ठेवलं, तेवढ्यात टपालाने जिन्यातून हाक मारली, मी गेलो. दहा मिनिटं त्याचे गुडघे ऐकले. इकडे दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालू! मी परत आलो आणि खुर्चीवर बसलो... मजेत, गुणगुणत! मुलगा झोपेतून उठून धावत आला, बटण बंद कर, खिडक्या उघड, दिव्याला हात लावू नका म्हणून ओरड... पांढराफटक पडला होता हो. "बाबा! तुम्हाला वास आला नाही?"

मी म्हटलं, "सर्दी आहे." आणि एक शिंक काढून दाखवली. शिंक झकास जमली होती, तुम्हाला सांगतो. पण मुलगा माझाच, सोंगं रक्तात. दुसऱ्या दिवशी विजेची किटली घेऊन आला आणि खोकं न फोडता फ्रिजवर ठेवलं. "बाबा, आत्ता मी काही म्हणत नाही. पण तुम्हाला वास येत नसेल, तर शेगडीला हात लावायचा नाही. ही किटली. बटण दाबलं की पाणी तापतं, आपोआप बंद होते."

आपोआप! म्हणजे उकळी नाही, फेस नाही, रंग नाही. अहो, मला चहा कुणीही देईल. मला चहा *करायचाय*!

आणि त्याच्यानंतर आठच दिवसांनी हे तीन थेंबांचं मशीन घरात! आणि आणखी दोन दिवसांनी सून म्हणते, "बाबा, रविवारी संध्याकाळी आपल्याकडे अरोमाथेरपीचा ओळखवर्ग ठेवलाय. एक बाई येणार आहेत शिकवायला. डोळे मिटून वास ओळखायचे, मज्जा असते. तुम्ही तर बसायलाच हवं, नाकवाले ना तुम्ही!" मज्जा! डोळे मिटून! संशय येणार नाही तर काय येणार? मी तर फ्रिजवरच्या खोक्याकडे बघितलं, मला वाटलं ते हसतंय.

पण मी पण काही कच्च्या गुरूचा चेला नाही. शाळा चौथीत सोडली, लबाडीत मात्र पदवी आहे. रविवारी सकाळी ती बाई येऊन पेटी ठेवून गेली, "संध्याकाळी येते, जड आहे, वागवायला नको." मी आधी पेटीवर बोट फिरवलं. फवारणीचं पॉलिश. हात न लावता केलेलं काम. म्हटलं, इथूनच कळलं माणूस कसा ते! दुपारी सगळे आडवे झाले, मी पेटी उघडली. सहा बाटल्या. करंगळीएवढ्या, तपकिरी काचेच्या, काळी टोपणं, बाईंच्या अक्षरात नावं चिकटवलेली. लव्हेंडर, निलगिरी, लिंबू, पुदिना, गुलाब, लवंग.

आता आमच्या धंद्यातली गंमत ऐका. पॉलिशच्या डब्यांवरचं लेबल चार दिवसांत ओघळांखाली गडप होतं. म्हणून आम्ही झाकणाच्या कडेला कानशीने खाचा पाडायचो. एक खाच स्पिरिट, दोन खाचा टर्पेंटाइन. दिवे गेले तरी हात बरोबर डब्यावर! तीच कानस काढली. लव्हेंडरला एक खाच, निलगिरीला दोन, लिंबाला तीन, पुदिन्याला चार... सहाच्या सहा! टोपणावर अंगठा फिरवला की नाव हजर, डोळे नाही तर नाही, नाक नाही तर नाही. एवढा खूश झालो की पेटी बंद करून स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना.

संध्याकाळी जमले सगळे. टपाल आला गुडघे घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. सून, मुलगा, ही माझ्या शेजारी. आणि मुलगा बसला कुठे? माझ्या बरोब्बर समोर, खुर्ची ओढून!

बाईंचा आवाज म्हणजे जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. "ही तेलं म्हणजे झाडांचा अर्क असतो बरं का... फार तीव्र असतो. थेट अंगाला लावायचा नाही... प्यायचा तर मुळीच नाही... डोळ्यांजवळ न्यायचा नाही... विस्तवाजवळ ठेवायचा नाही... मुलं-मांजरांपासून लांब ठेवायचा... साध्या तेलात दोन-चार थेंब घालायचे, आधी मनगटावर लावून एक दिवस वाट बघायची..."

मी म्हटलं, "बाई, हे तर आमचं टर्पेंटाइन झालं! चाळीस वर्षं हुंगलं. शांत काही झालो नाही."

"बाबा!" सून.

टपाल पुढे सरकला. "याने गुडघे बरे होतात का?"

"नाही हो काका. गुडघ्यांना डॉक्टरच. याने जरा प्रसन्न वाटतं, एवढंच."

आता घ्या! थापा मारणारा माणूस मी चुटकीसरशी पकडतो, पण खरं बोलणारी विकणारीण? जन्मात पाहिली नाही. संशय येणार नाही तर काय येणार?

मग म्हणाल्या, "सुरुवातीला हे लिंबू. फिरवा सगळ्यांत." लेबल असं समोर धरून दिली बाटली. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, किती ताजंतवानं!" टपाल म्हणाला, "तोंडाला पाणी सुटलं." मुलगा म्हणाला, "हं... छान आहे." सुनेने तर डोळेच मिटले. मग ही. हिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाटली पुढे केली. मी टपालाच्या नाकपुड्या आठवल्या आणि "वा" म्हटलं.

"आता डोळे मिटून. आधी काका! तुमच्याबद्दल ऐकलंय मी." बघा, ऐकलंय! "बाटली हातात घ्या, टोपण तुम्हीच उघडा, घाई नाही."

डोळे मिटले. हातात पहिली बाटली. अंगठा फिरवला, एक खाच. मी मान वर केली, मोठा श्वास घेतला, उगीच थोडा वेळ लावला... नाटकात वेळ लावावाच लागतो... "लव्हेंडर!" टाळ्या! "वा काका!" मी डोळ्यांच्या फटीतून मुलाकडे बघितलं. त्याचा चेहरा जरा सैल पडला होता.

दुसरी बाटली. अंगठा फिरवणार, तोवर सवयीने हुंगली गेली आणि... थांबा. कसं सांगू? आत काहीतरी गेलं. गार! नाकातून वर, कपाळापर्यंत, दोन वर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी कोणीतरी उघडावी तशी झुळूक! खाचा मोजायचं भानच राहिलं नाही. "पुदिना!" ओरडलो मी. "पुदिना आहे! पुदिनाच आहे!" माझ्या डोळ्यांतून पाणी. लोक हसले, त्यांना वाटलं म्हातारा सोंग करतोय. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा करत नव्हतो! मनात म्हटलं, आलं! माझं नाक परत आलं! काढा रे ते खोकं फ्रिजवरून!

त्याच तोऱ्यात तिसरी. अंगठ्याला तीन खाचा. लिंबू. आणि देवाशपथ सांगतो, आला! लिंबाचा वास आला मला. साल नखाने खरवडल्यावर बारीक तुषार उडतो ना, तस्सा. मी म्हटलं, "अहाहा! लिंबू! नुकतं झाडावरून उतरवलेलं!"

टाळ्या नाहीत.

डोळे उघडले. बाई बाटलीकडे बघत होत्या. मग आणखीच हळू आवाजात म्हणाल्या, "काका... ही कोरी आहे. यात नुसतं बिनवासाचं साधं तेल आहे. मी प्रत्येक वर्गात एक ठेवते. नाव वाचलं की नाक कसं फसतं, ते दाखवायला..."

आणि मुलगा पुढे वाकला. "नाव वाचलं तर. पण बाबांचे डोळे मिटलेले होते." फार सावकाश बोलला. "बाबा, लिंबू कसं कळलं?"

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं थापा मारल्या, पण त्या क्षणाला एकही जवळ येईना. दारातून फ्रिज दिसत होता. वरचं खोकं दिसत होतं. उद्याची सकाळ दिसत होती, बटण, आपोआप बंद.

"मी सांगितलं," ही म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. ही बांगड्या मागे सारत, "मी सांगितलं त्यांच्या कानात. लिंबू म्हणून. त्यांना हरायला आवडत नाही, माहीत आहे ना तुला? आणि काय रे, तुम्हा सगळ्यांना मघाशी त्यात लिंबू आलंच होतं की! कोणाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं?"

टपाल एकदम छताकडे बघायला लागला. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, मला तर खरंच ताजंतवानं..." आणि जी हसाहस उसळली, त्यात मुलगासुद्धा लाल होऊन हसला, "हो, मीपण छान म्हणालो," आणि विषय वाहून गेला! सुटलो!

सुटलो खरा, पण माझं डोकं भणभणलं. कारण हिने कानात काही सांगितलंच नव्हतं! ही बाई एक्कावन्न वर्षांत एक शब्द खोटा बोललेली नाही. माझी दाढी नीट झाली नाही तर तोंडावर सांगते, लग्नात माझ्या आईला सांगितलं होतं पातळाचा रंग आवडला नाही म्हणून! ती भर बैठकीत धडधडीत खोटं बोलते? संशय येणार नाही तर काय येणार?

बाई निघताना दारात माझ्याजवळ थांबल्या. "काका, पुदिना नाकाला कळत नाही, आतल्या कातडीला कळतो. गारवा असतो तो." त्यांनी पेटी उघडली. "या चार ठेवा तुमच्याकडे. गुलाब, लवंग, निलगिरी, आणि हे खरं लिंबू, पिशवीत होतं. रोज दोनदा, आठवून आठवून हुंगायच्या, महिनोन् महिने. काहींचं परत येतं... काहींचं नाही. आणि डॉक्टरांना एकदा दाखवा." पुन्हा खरं बोलली! काय करावं अशा बाईला?

स्वयंपाकघरात गेलो. ही कप विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुपारी कानशीचा आवाज येत होता. झोप मोडलीत माझी."

मी म्हटलं, "म्हणजे तुला..."

"अहो, मला दोन वर्षं रोज साडेपाचला तहान लागते असं वाटलं तुम्हाला?"

हिने कप पालथा घातला. नळ चालू.

"मी येते, हुंगते, गॅसचा वास नाही ना बघते, तुम्ही काडी ओढली की जाऊन पडते. गेल्या महिन्यात दोन दिवस बहिणीकडे काय गेले, तेवढ्यात घर उडवायला निघालात."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

सगळ्या जगावर पाळत ठेवून होतो, सुनेवर, मुलावर, त्या वाफेच्या नारळावर... आणि खरी चोर माझ्या पाठीशी उभी राहून दोन वर्षं पाणी पीत होती!

दुसऱ्याच दिवशी मुलाने शेगडीजवळ भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. लाल दिवा लुकलुकतो. मी विचारलं हे काय? माझ्याकडे न बघता म्हणतो, "घड्याळ आहे बाबा." अहो, काटे नाहीत, आकडे नाहीत, गॅस सुटला की कोकलणारी डबी ती! मी म्हटलं, "छान आहे. वेळ बरोबर दाखवतंय." सून पोट धरून हसली. किटलीचं खोकं अजून फ्रिजवरच आहे, त्यावर आता माझ्या चार बाटल्या असतात.

आणि सकाळी ही चोरून येत नाही. सरळ येते, हुंगते, म्हणते, "हं, ओढा काडी." मग समोर बसते आणि एकेक बाटली माझ्या नाकाखाली धरते. "आठवा." मी आठवतो. गुलाब नाही, लवंग नाही... परवा निलगिरीला काहीतरी हललं, पण ती झुळूक असेल, पुदिन्यासारखी. लबाड वास आहेत सगळे.

असंच काल बसलो होतो. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "नाक गेल्यापासून बघ, साखरसुद्धा लागत नाही जिभेला." आणि ही एकदम... टपालासारखी छताकडे बघायला लागली!

मी थांबलो. गोड तर जिभेचं काम, नाकाचं काय देणंघेणं त्याच्याशी? उठलो. साखरेचा डबा उघडला. आतला चमचा बाहेर काढला, दिव्याखाली धरला... अहो, हा आपला चमचा नव्हे! हा तर खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो, बाहुलीच्या भातुकलीतला!

"कधी बदललास?"

"तुमचं नाक गेलं त्याच आठवड्यात," ही म्हणाली. "म्हटलं, आता काही कळणार नाही."

आता मला सांगा, संशय येणार नाही तर... जाऊ द्या. निमूटपणे बसलो, तोच चहा प्यायलो. फिका. पण करणारा मी होतो.